चांगुलपणा आणि समता : एका पोलादनगरीची शिकवण

आपण एखाद्या माणसाला चांगला केव्हा म्हणतो? त्याने कुणाला काम दिले, कुणाच्या डोक्यावर छप्पर दिले, गावातल्या मुलांसाठी शाळा काढली, की आपण सहज म्हणून जातो, "भला माणूस आहे." त्यात चूक काही नाही. पण याच माणसाने मदत करताना प्रत्येकाची जागा आधीच ठरवून ठेवली असेल तर? "तुला घर देईन, पण ते त्या टोकाला. तुझ्या मुलाला शाळा देईन, पण ती वेगळी." अशा वेळी त्याचा चांगुलपणा कसा मोजायचा? त्याने काय दिले ते पाहायचे, की कोणत्या दृष्टीने दिले ते?

प्रश्न तात्त्विक वाटेल. पण सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत उभ्या राहिलेल्या एका गावाच्या रचनेतच तो होता. त्या गावाची गोष्ट आपण शांतपणे समजून घेऊ या. कुणाला दोषी ठरवण्यासाठी नाही, तर स्वतःकडे पाहता यावे यासाठी.

अक्षरांचे गाव

मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराजवळ, पॅटाप्स्को नदीच्या मुखाशी स्पॅरोज पॉइंट नावाचा सखल, दलदलीचा भूभाग आहे. १८८७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टील कंपनीने तो पोलादाच्या कारखान्यासाठी निवडला. क्यूबाहून येणारे लोहखनिज जहाजाने थेट भट्टीपर्यंत आणता येईल, हे त्यामागचे मोठे कारण. १८८९ मध्ये तिथल्या झोतभट्टीतून पहिले लोखंड बाहेर पडले. कारखान्याची धुरा फ्रेडरिक वुड या अभियंत्याकडे होती आणि कामगारांसाठी गाव वसवण्याचे काम त्यांचे बंधू रुफस वुड यांच्याकडे.

रुफस वुड यांनी हे काम मन लावून केले. ओसाड जागेवर आखीव रस्ते, घरे, दुकान, शाळा, प्रार्थनास्थळे उभी राहिली. गावात दारूला बंदी होती. मुलांसाठी बालवाडी निघाली. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अगदी सुरुवातीच्या बालवाड्यांमध्ये तिची गणना होते. त्या काळातल्या कोळशाच्या आणि पोलादाच्या गावांची अवस्था पाहिली, तर हे गाव कितीतरी बरे होते.

या गावातल्या रस्त्यांची ओळख इंग्रजी अक्षरांनी होई. 'बी' रस्त्यावर कारखान्याचे वरिष्ठ अधिकारी राहत. पुढच्या रस्त्यांवर मुकादम, कुशल कारागीर, मग साधे गोरे कामगार. अक्षर जसे पुढे सरके तसे घर लहान होई आणि घरातल्या सोयीही कमी होत. गावातून हम्फ्री नावाची खाडी आत शिरली होती. कृष्णवर्णीय कामगारांची घरे या खाडीच्या पलीकडे, 'आय' आणि 'जे' अशा शेवटच्या अक्षरांच्या रस्त्यांवर होती. त्यांच्या मुलांची शाळाही वेगळी होती.

घरे विकत मिळत नसत. सगळी भाड्याची आणि मालक एकच, कंपनी. त्यामुळे कोण कुठे राहणार हे शेजाऱ्यांच्या पसंतीवर किंवा योगायोगावर सोडलेले नव्हते. नकाशा काढतानाच ते ठरले होते.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. पदाप्रमाणे लहानमोठे घर मिळणे ही एक गोष्ट. तीही आदर्श नसेल, पण तिच्यात हालचालीला वाव असतो. युरोपातून नुकताच आलेला, इंग्रजीचा गंध नसलेला मजूर काही वर्षांत कारागीर होऊ शकत होता आणि त्याचे कुटुंब पुढच्या पिढीत चांगल्या रस्त्यावर राहायला जाऊ शकत होते. खाडीपलीकडच्या माणसाला ही वाट बंद होती. तो कितीही कुशल असो, कितीही वर्षे काम केलेला असो, त्याचा रस्ता त्याच्या जन्माने ठरवला होता. कारखान्यातही सगळ्यात उष्ण, जड आणि धोक्याची कामे बहुतेक वेळा त्याच्याच वाट्याला येत. पोलाद मात्र एकच तयार होत होते. कुठल्या रुळात कुणाच्या घामाचा वाटा आहे, हे रूळ पाहून कुणालाही सांगता आले नसते.

तीन समर्थने

हे गाव वसवणाऱ्यांच्या मनात कृष्णवर्णीयांबद्दल धगधगता द्वेष होता, असे मानण्याची गरज नाही. उलट आपण गरिबांचे भले करत आहोत, असेच त्यांना वाटत असावे. म्हणूनच त्यांच्या बाजूने काय म्हणता येईल, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे.

पहिले समर्थन असे : "काळच तसा होता. त्या वेळी कुणालाच हे चूक वाटत नव्हते." हे वाक्य आपण इतिहासाबद्दल फार सहज बोलतो. पण यातला 'कुणालाच' कोण? खाडीपलीकडे राहणारी माणसेही त्याच काळातली होती. त्यांना आपल्यावर काय होते आहे हे कळत नव्हते का? शिवाय कायद्यापुढे सर्वांना समान संरक्षण देणारी घटनादुरुस्ती अमेरिकेत १८६८ मध्येच झाली होती. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या वेगवेगळ्या डब्यांना मान्यता दिली, तेव्हा न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. म्हणजे सत्य उपलब्ध होते, फक्त ते सोयीचे नव्हते. 'काळच तसा होता' असे म्हणताना आपण नकळत सोसणाऱ्यांना त्या काळातून वगळून टाकतो.

दुसरे समर्थन : "त्यांना आधीपेक्षा चांगलेच मिळाले ना?" हे खरे आहे. व्हर्जिनिया, कॅरोलिना इथल्या खेड्यांतून दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारी माणसे इथे आली. त्यांना रोख पगार मिळाला, पक्के घर मिळाले. पुष्कळांनी ते आनंदाने स्वीकारले. पण तुलना कुणाशी करायची, हा इथला कळीचा मुद्दा आहे. भुकेल्या माणसाला अर्धी भाकरी दिली तर त्याची भूक कमी होते. पण त्याच पंगतीत, तेच काम करून आलेल्या दुसऱ्याला आपण पूर्ण जेवण वाढले, तर 'तू काल उपाशी होतास' हे काही त्याला द्यायचे उत्तर नव्हे. पंगतीतला भेदभाव कालच्या उपासाशी तुलना करून मिटत नाही.

तिसरे समर्थन धंद्याचे आहे : "सगळ्यांना शेजारी शेजारी घरे दिली असती तर गोरे कामगार सोडून गेले असते. कारखाना चालवायचा तर तडजोड करावी लागते." मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. अशा वाक्यांशी माझी रोज गाठ पडते. यात तथ्य असतेही. पण या तडजोडीची किंमत कुणाच्या खात्यात टाकली, हे पाहा. एका गटाच्या पूर्वग्रहाचा खर्च दुसऱ्या गटाच्या घराघरांतून वसूल केला गेला. ज्याने पूर्वग्रह बाळगला त्याला काहीच द्यावे लागले नाही आणि ज्याने काही केले नव्हते त्याने आयुष्यभर भरले. याला हिशेब म्हणता येत नाही.

भेद वाढत कसा जातो

आता गाव सोडून जरा व्यापक पाहू. १९१० मध्ये बाल्टिमोर शहराने कायदाच केला, की ज्या गल्लीत गोऱ्यांची बहुसंख्या आहे तिथे कृष्णवर्णीयाने राहायला जायचे नाही आणि याउलटही. रहिवासी वस्त्या अशा रंगाने वेगळ्या करणारा अमेरिकेतला हा पहिला शहरी कायदा मानला जातो. त्याचे अनुकरण इतर शहरांनी केले. लुईव्हिलच्या अशाच कायद्याला विल्यम वॉर्ली या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याच्या घरखरेदीच्या प्रकरणातून आव्हान मिळाले आणि १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मात्र निकालाचा मुख्य आधार होता मालकाचा आपली मालमत्ता विकण्याचा हक्क. माणसाच्या समानतेपेक्षा जमिनीच्या विक्रीचा हक्क न्यायालयाला अधिक सहज दिसला.

कायदा गेला, पण भेद राहिला. तो खरेदीखतातील अटींमध्ये शिरला : हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकायचे नाही. स्पॅरोज पॉइंटचा कारखाना १९१६ मध्ये बेथलेहेम स्टीलने घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी जवळच डंडॉक ही सुबक वसाहत बांधली गेली. ती गोऱ्यांसाठी होती. कृष्णवर्णीय कामगारांची वस्ती तिच्या शेजारी टर्नर स्टेशन इथे वाढत गेली.

इतर पोलादनगरींतही चित्र वेगळे नव्हते. दक्षिणेकडून हजारो कृष्णवर्णीय कामगार पिट्सबर्गला आले, तेव्हा त्यांना भाड्याने घर देणारे इतके थोडे होते, की एकच पलंग दोघांना वापरावा लागे. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की रात्रपाळी करून आलेला तिथेच आडवा होई. पोलाद कारखान्यात तेव्हा बारा तासांची पाळी होती आणि ती १९२३ पर्यंत चालू राहिली. बारा तास भट्टीसमोर उभे राहून आलेल्या माणसाला स्वतःचा पलंगही नाही, ही कल्पना करून पाहा. पैसे नव्हते म्हणून नव्हे. खिशात पगार होता, पण दार उघडायला कुणी तयार नव्हते.

१९३३ मध्ये अमेरिकी सरकारने गृहकर्जाला आधार देण्यासाठी एक संस्था स्थापन केली. तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करून वस्त्यांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी दिल्या. पुन्हा अक्षरेच. 'डी' श्रेणीच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ नेहमी त्या लाल भागात पडल्या. अशा वस्तीत घरासाठी कर्ज मिळणे फार अवघड. खरेदीखतातील वांशिक अटी न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, हे १९४८ मध्ये ठरले. घर देताना वंशावरून भेद करण्याला केंद्रीय कायद्याने बंदी येण्यासाठी १९६८ साल उजाडावे लागले.

यातले आर्थिक गणित साधे आहे. एक लाख रुपये दरसाल ८ टक्के चक्रवाढ दराने तीस वर्षे वाढले तर त्याचे सुमारे दहा लाख होतात. साध्या कुटुंबासाठी घर हीच बहुधा सर्वांत मोठी बचत असते. त्याच्यावर मुलांचे शिक्षण होते, आजारपण निभावते, पुढच्या पिढीला काही मागे ठेवता येते. ज्याला योग्य वेळी घर घेऊ दिले नाही, त्याचे फक्त एक घर गेले नाही. त्या घराची तीस वर्षांची वाढ गेली आणि नातवंडांची सुरुवातही मागून झाली. कर्म कसे फळते हे समजावताना आपण पेरणी आणि पिकाची उपमा देतो. सामाजिक अन्यायाला चक्रवाढ व्याजाची उपमा अधिक जवळची वाटते. मूळ चूक करणारा निघून जातो, व्याज चालूच राहते. नंतरच्या पिढीतला कुणी म्हणतो, "मी तर काहीच केले नाही." ते खरे असते. पण त्याच्या खात्यात जमा झालेले आणि शेजाऱ्याच्या खात्यातून गेलेले, दोन्ही त्याच जुन्या नोंदीतून आलेले असते.

टर्नर स्टेशनची एक रहिवासी

टर्नर स्टेशनमध्ये १९४० च्या दशकात हेन्रिएटा लॅक्स नावाची स्त्री राहत होती. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतांवरून ती आली होती. तिचा नवरा स्पॅरोज पॉइंटच्या कारखान्यात कामाला होता. तिला कर्करोग झाला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या वेगळ्या कक्षात तिच्यावर उपचार झाले आणि १९५१ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी ती गेली. तिच्या शरीरातून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. अशा प्रकारे सतत वाढत राहिलेल्या त्या पहिल्या मानवी पेशी. 'हेला' या नावाने त्या जगभर गेल्या. पोलिओच्या लशीच्या चाचणीत त्यांचा उपयोग झाला.

क्षणभर थांबून विचार करा. ज्या बाईच्या शेजारी राहायला डंडॉकच्या वसाहतीत जागा नव्हती, तिच्या पेशींच्या मदतीने सिद्ध झालेली लस त्या वसाहतीतल्या मुलांनीही घेतली असेल. पेशीला रंगाची अट नव्हती. माणसामाणसांतला भेद शरीरात शोधायला गेले तर सापडत नाही, तो पाहणाऱ्याच्या मनात असतो. मनात असतो तोवर कदाचित तो एकट्याचा दोष असतो. पण तो नकाशावर, खरेदीखतात, कर्जाच्या फॉर्ममध्ये उतरला, की त्याला चालवायला कुणाच्या द्वेषाचीही गरज उरत नाही. कारकून फॉर्म भरतो, अधिकारी सही करतो, प्रत्येक जण आपले काम नीट करतो आणि अन्याय पूर्ण होतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खाडीपलीकडच्या रस्त्यांवर आणि टर्नर स्टेशनमध्ये माणसे केवळ सोसत बसली नव्हती. त्यांनी चर्च उभारली, दुकाने काढली, मुले शिकवली, एकमेकांना धरून राहिली. तिथल्या जुन्या रहिवाशांना आजही आपल्या वस्तीचा अभिमान आहे. हे त्यांचे सामर्थ्य आहे. मात्र त्याचे श्रेय त्यांना वेगळे ठेवणाऱ्यांना देऊ नये. "बघा, वेगळे राहूनही ते सुखी होते" असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याची तपश्चर्या आपल्या नावावर जमा करणे होय.

स्पॅरोज पॉइंटचे ते गाव आज नाही. १९७० च्या दशकात कारखान्याच्या विस्तारासाठी सगळे रस्ते पाडले गेले, 'बी' ही आणि 'जे' ही. २०१२ मध्ये कारखानाही कायमचा बंद झाला.

आपल्या दारापर्यंत

"ही तर अमेरिकेची गोष्ट" असे कुणाला वाटू शकते. पण पोलादाबरोबर ही रचना समुद्र ओलांडूनही गेली. १९०८ च्या सुमारास साकची इथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांचा कारखाना उभा राहू लागला, तेव्हा कारखान्याच्या आणि गावाच्या आराखड्याचे काम पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी यांच्या कंपनीकडे होते. रुंद रस्ते, झाडे, बागा, सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा, हे जमशेटजींचे स्वप्न होते आणि त्यातले पुष्कळ खरेही झाले. तरीही सुरुवातीच्या वर्षांत परदेशी अभियंते आणि अधिकारी बंगल्यांच्या वेगळ्या भागात, आणि आसपासच्या गावांतून आलेले मजूर, त्यात अनेक आदिवासी, दाटीच्या वस्त्यांत, असेच चित्र होते. चांगली इच्छा आणि वेगळा रस्ता इथेही सोबतच होते.

आणि आपल्याकडचा भेद तर कुणाकडून शिकायची गरजही नव्हती. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, तर ओळख उघड झाल्यावर तिथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. पद होते, पगार होता, विद्वत्ता होती, पण दार बंद होते. पिट्सबर्गच्या कामगाराचीही नेमकी हीच अडचण होती आणि काळही तोच होता.

आजही आपल्यापैकी कुणी घर भाड्याने देताना फोनवर आधी आडनाव विचारतो. कुणी म्हणतो, "आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीत चालत नाही." हे तिसरे समर्थनच नाही का? पूर्वग्रह दुसऱ्याचा, निर्णय आपला आणि भुर्दंड तिसऱ्याला. आपण घरी काम करणाऱ्या ताईंना सणाला साडी देतो, मुलांच्या फीला मदत करतो, आणि त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवतो. दोन्ही गोष्टी एकाच हाताने करतो आणि मनाला त्यात विसंगती जाणवत नाही.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. दया मोठी गोष्ट आहे, पण दयेत देणारा वर आणि घेणारा खाली राहू शकतो. समत्वात तसे राहता येत नाही. रुफस वुड यांनी पुष्कळ दिले. फक्त एक गोष्ट त्यांना देता आली नाही : समोरचा माणूसही आपल्यासारखाच आहे, ही मान्यता. तिला एक पैसा लागत नाही आणि तीच सगळ्यात महाग ठरते, कारण ती देताना आपले वरचे स्थान सोडावे लागते.

या आठवड्यात एक साधा अभ्यास करून पाहा. तुमच्या हातात असलेली एक व्यवस्था निवडा. घर, दुकान, कार्यालय, सोसायटी, सत्संगाची बैठकव्यवस्था, कोणतीही. त्यात शेवटच्या जागेवर कोण आहे ते पाहा. मग शांत बसून स्वतःला तीन प्रश्न विचारा. ती जागा त्याच्या कामामुळे आहे की जन्मामुळे? तिथून पुढे येण्याची वाट त्याला खुली आहे का? आणि उद्या जागांची अदलाबदल झाली, तर मी ती तक्रार न करता स्वीकारीन का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तर स्वतःला दोष देत बसू नका. पश्चात्तापाने कुणाचे घर बांधून होत नाही. त्या व्यवस्थेतली एक गोष्ट, लहानशी का होईना, त्याच आठवड्यात बदला. वेगळा कप बाजूला करा. घराच्या जाहिरातीतली ती अट काढा. सोसायटीच्या सभेत कुणी 'चालत नाही' म्हणाले, तर शांतपणे विचारा, "कुणाला चालत नाही?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.